वसई ते वसई

वाचकहो, तुमच्या ओट्याशी किंवा गोठ्याच्या भिंतीला टेकून एखादी सायकल उभी असेलच. नसेल तर पूर्वी होती असे समजा. तिचा मागचा कॅरिअर जरा डोळ्यांपुढे आणा. कॉलेजच्या पोराची सायकल असेल तर कॅरिअर नाजूक, दोन वह्या चिमटीत धरण्यापुरता. शेतकऱ्याची असेल तर तो लोहाराकडून जाड सळ्या जोडून घेतलेला, रुंद, आणि त्याला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लोंबत असलेल्या. मी ज्या सायकलीची हकीकत सांगणार आहे ती या दुसऱ्या जातीची. तिच्यावर बसून मी आठशे-साडेआठशे किलोमीटर हिंडून आलो. पुढे पुष्कळ वर्षे ही फुशारकी मी लग्नाकार्यांत सांगत असे. फक्त ती सायकल माझी नव्हती, वडिलांची होती, एवढी गोष्ट सांगताना गाळत असे.

साल १९८२. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. पालघर जिल्हा झाला तो २०१४ साली. आमचे घर गिरीजला. आज जिथे इमारती उभ्या आहेत तिथे तेव्हा केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या होत्या, मोगरा होता, भाजीचे वाफे होते आणि पाण्याला विहीर किंवा बावखल. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. आमच्याकडचा हा शब्द बाहेरच्यांना सांगावा लागतो. पहाटे तीनला बाबा उठत. भाजीच्या पाट्या सायकलवर बांधत आणि तासभराची वाट तुडवत वसई रोड स्टेशनवर नेत. तिथून पुढचे काम आत्याचे. ती पाट्या घेऊन गाडीत चढे, एल्फिन्स्टन रोडला उतरे (त्या स्टेशनला आता प्रभादेवी म्हणतात) आणि लालबागेत एका चाळीखाली बसे. माल जड असला की बाबा सायकलवर बसत नसत, हातात धरून चालत. खरे सांगायचे तर मी त्यांना त्या सायकलवर बसलेले फारसे पाहिलेच नाही.

त्या वर्षी आत्याच्या वहीत उधारी वाढत चालली होती. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू होता. अडीच लाख कामगार बाहेर. गिरणगावात पगार नाही तर भाजीला पैसे कुठले? दिवाळी आली तेव्हा दहावा महिना चालू होता. हे सगळे घरात रोज बोलले जायचे आणि मी ते ऐकतही होतो. पण वाचकहो, एकोणीस-वीस वर्षांच्या पोराचे कान कसे असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. घरचे एका कानाने येते, दुसऱ्याने जाते. मित्र जे बोलतात ते मात्र आत राहते.

आम्ही चौघे मित्र. नावे सांगत नाही, कारण आता ते नातवंडांपुढे गंभीर चेहऱ्याने वावरतात. एक आगाशीचा, एक पापडीचा, एक भुईगावचा आणि मी. इतिहासाच्या तासाला आमच्या सरांनी एकदा वसईच्या घंटांची गोष्ट सांगितली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. किल्ल्यातल्या चर्चच्या मोठमोठ्या घंटा मराठे सरदारांनी विजयाची खूण म्हणून घाटावर नेल्या आणि देवळांना वाहिल्या. एक नाशिकला, एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीला. सर म्हणाले, "तुम्ही वसईची पोरं. घंटा आपल्या गावच्या, आणि तुमच्यापैकी एकानेही बघितलेल्या नाहीत." तास संपला. कँटीनमध्ये एक चहा दोघांत पिताना आगाशीकर म्हणाला, "सायकलवर जाऊ."

एरवी ही गोष्ट तिथेच विरली असती. पण पापडीकराने ग्रंथालयातून आणखी एक गोष्ट वाचून आणली. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवून १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. इराणची वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, सगळे पायडल मारत. "ते जगभर फिरले, आपल्याला कसारा चढता येऊ नये?" असा पापडीकराचा सवाल. त्याची बहीण सायकल आमच्यापेक्षा चांगली चालवायची. तिला मात्र कोणी विचारले नाही. आम्हीही नाही.

बाबांना सांगायला मी तीन दिवस घेतले. शेवटी ते केळीची सोपटे सोलत बसले असताना म्हणालो. त्यांनी विचारले, "किती दिवस?"

"बारा."

"कुठली सायकल?"

मी गप्प. घरात सायकल एकच. बाबांनी थोडा वेळ सोपट सोलले आणि म्हणाले, "मागच्या चाकात हवा जास्त ठेव. पुढच्यात कमी चालते."

झाली परवानगी! मी उड्या मारत मित्रांकडे गेलो. आईने मला हाक मारून काहीतरी सांगायचा प्रयत्न केल्याचे आठवते. मी थांबलो नाही.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या पहाटे आम्ही निघालो. प्रत्येकाजवळ साठ रुपये, चौघांत मिळून एक पंप, पंक्चरचे सामान, दोन घोंगड्या आणि आईने बांधून दिलेली सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधतात, ती ही सुकेळी. आगाशीची खासियत म्हणून आगाशीकराला त्यांचा भारी अभिमान. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत निम्मी त्यानेच संपवली. पापडीकराने पत्र्याची पाटी रंगवून हँडलला बांधली होती: "वसई ते वसई, सायकलने." वाटेत जो तो ती वाचून विचारी, "मग गेलात कुठे?"

कामण, अंजूर फाटा, भिवंडी, पडघा, शहापूर. सपाटीवर गाणी म्हणत गेलो. पहिली रात्र खर्डीच्या अलीकडे एका शाळेच्या पडवीत काढली. संध्याकाळी गावातली माणसे जमली आणि एका आजोबांनी विचारले, "खेळ कधी सुरू करणार?" आम्हाला कळेना. मग उलगडा झाला. त्या काळी गावोगाव सायकलवाले येत. मैदानात खांब रोवून, कर्णा लावून, सात-सात दिवस सायकलवरून न उतरता गोल फिरत; सायकलवरच आंघोळ, सायकलवरच जेवण. तुमच्यापैकी अनेकांनी हे खेळ पाहिले असतील. आम्ही सांगितले की आम्ही खेळवाले नव्हे, विद्यार्थी आहोत, घंटा बघायला चाललो आहोत. लोक जरा नाराज झाले. "घंटा बघायला एवढ्या लांब?" आजोबा म्हणाले. "आमच्या शाळेत आहे की!" भुईगावकराने शेवटी दोन्ही हात सोडून शाळेला चार फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठे पिठले-भाकरी आली.

कसारा घाटाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो आम्ही सायकलवरून चढलो असे सांगता येत नाही. सायकलीच आमच्यावरून चढल्या म्हणा. इतरांच्या सायकली हलक्या. माझी नुसती रिकामी ढकलतानाच पोटऱ्या भरून आल्या. तरी इतरांचे सामान हळूहळू माझ्याच कॅरिअरवर आले. "ओझ्याचीच सायकल आहे, तिला काय होतंय," असे म्हणत पहिल्यांदा घोंगड्या आल्या, मग पिशव्या, मग पंप.

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराचे देऊळ. रामेश्वराचे हे देऊळ सरदार नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ साली बांधले आणि वसईची घंटा तिथे लावली. घंटेवर १७२१ हे साल आहे. आम्ही खाली माना उंच करून उभे, घंटा वर. वाजवायची फार इच्छा, पण हात पोचणार कसा? शेजारी घाटावर धुणे धुणाऱ्या बायकांत कोणी मोठ्याने हाका मारत होती. दुसरी म्हणाली, "ही आमची नारोशंकराची घंटा!" नाशकात मोठ्या आवाजाच्या माणसाला असे म्हणतात हे तेव्हा कळले. भुईगावकर म्हणाला, "बघा, आपल्या गावचं नाव इकडे बायकांना ठेवतात." पुराचे पाणी किती चढले ते नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, तोही बघितला. पण दिवसभर माझ्या डोक्यात घोळत होती ती वाटेतली द्राक्षे. छाटणी होऊन नवी फूट आलेली, तारांवर शिस्तीत चढवलेली. आमच्या पानवेलींच्या मांडवासारखीच, पण सगळे कसे रेषेत. बाबांना दाखवायला हवे होते असे मनात आले. बाबांची आठवण आली ती ही पहिलीच.

सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, मंचर. वाटेत रांगड्या कांद्याची लावण चालू होती. एका ठिकाणी पाणी मागायला गेलो तर त्या काकू म्हणाल्या, "पाणी पिऊन झालं असेल तर एक वाफा लावून जा." लावला. आगाशीकराने रोपे उलटी लावली असे त्या म्हणाल्या. उलटी कशी लावतात ते मला अजून समजलेले नाही.

भीमाशंकरला अंधार पडता पडता पोचलो. थंडी, धुके, झाडी. सकाळी शनीच्या देवळापुढे दोन दगडी खांबांच्या मध्ये टांगलेली घंटा दिसली. तिच्यावर क्रूस कोरलेला. भुईगावकर ख्रिस्ती. रविवारी न चुकता चर्चला जाणारा, आणि तो रविवार चुकला म्हणून दोन दिवस जरा अवघडून होता. त्याने घंटेवरच्या क्रुसावर हात ठेवला आणि डोळे मिटून उभा राहिला. तिथले एक म्हातारे पुजारी बघत होते. आम्हाला वाटले, आता रागावणार. ते आले आणि त्याच्या हातावर आधी प्रसाद ठेवला, मग आमच्या. विचारले, "वसईचे का?" बहुधा वसईचे लोक तिथे असेच उभे राहत असावेत.

उतरताना माझी घमेंड उतरली. आगाशीकराच्या चाकाच्या तारा तुटल्या होत्या, म्हणून त्याची सायकल पापडीकराने हाताशी धरली आणि आगाशीकर माझ्या कॅरिअरवर. शिवाय सगळे सामान. उतार, वळण, खड्डा, आणि कॅरिअरची सळी काडकन तुटून चाकात. आम्ही दोघे करवंदीच्या जाळीत. माणसांना खरचटले एवढेच, पण बाबांचा कॅरिअर एका बाजूला लोंबत होता. तो पहिल्यांदा नीट बघितला मी. सळ्यांवर दोरीने पडलेले घट्टे होते, मधोमध पाटीच्या बुडाने झिजून चकचकीत झालेला गोल. खालच्या गावात एका लोहाराने सळी तापवून, ठोकून जोडून दिली. "रोजच्या वापरातली दिसतीय," तो म्हणाला. "घरी खोळंबा झाला असंल." मी हो-नाही काहीच बोललो नाही.

पुण्याहून खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वाईकडे वळलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे हळदीची पिवळी पडत चाललेली पाने. एका खळ्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडत एक गृहस्थ बसले होते. त्यांनीच हाक मारली.

"कुठनं आलासा, पोरांनो?"

"वसईहून."

"वसई?" ते उठूनच उभे राहिले. "आरं, आमच्या चाळीखाली वसईची मावशी बसायची की!"

ते परळच्या एका गिरणीत कामाला होते. संपामुळे फाल्गुनात गावी आले ते इथेच. वीस वर्षे मागावर उभे राहिल्याने खुरपे धरून बसायची सवय मोडली होती. बायको हसते म्हणाले. रात्री त्यांच्याकडेच जेवलो, झोपलो. जेवताना म्हणाले, "त्या मावशीची माझ्याकडं बारा रुपयं उधारी राहिलीया. निघताना भेट झाली न्हाई. तिला वाटलं असंल, पळून गेला." मावशीचे नाव त्यांना माहीत नव्हते. मी आत्याचे वर्णन केले. हिरवे लुगडे, कपाळावर गोंदण. ते म्हणाले, "तसल्या तर समद्याच होत्या."

सकाळी निघताना त्यांनी माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली. गिरणीतल्या माणसाची नजर, यंत्राकडे जाणारच. "ही ओझ्याची हाय. कुणाची?"

"वडिलांची. भाजी नेतात स्टेशनवर."

"मग सध्या कशावर नेत्यात?"

वाचकहो, साधा प्रश्न. दहा दिवस मला कोणी विचारला नव्हता, आणि मी स्वतःलाही नाही. चौघेही एकदम पायडलकडे बघू लागलो. त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. आत जाऊन शेंगांची एक भरलेली पिशवी आणून कॅरिअरवर ठेवली आणि स्वतः दोरी आवळली. "बारा रुपयांच्या हायत का न्हाईत ठाव न्हाई. मावशी सापडंल तिला द्या."

मेणवलीची घंटा मी बघितली खरी. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा सुरेख घाट, आणि तिथल्या देवळाजवळ छोट्या घुमटीत टांगलेली ती. १७०७ सालची, मातेच्या कडेवर बाळ असलेली. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात हा घाट दिसला तेव्हा मी थिएटरात शेजाऱ्याला कोपर मारून सांगितले, मी इथे गेलोय. पण त्या दिवशी माझे लक्ष लागेना. इतरांना घाटावर पोहायचे होते. मी म्हटले, मी निघतो, तुम्ही या मागून. ते कुरकुरले, पण निघाले. भुईगावकराने दोन दिवस माऊथ ऑर्गन वाजवला नाही.

शिरवळ, पुणे, लोणावळा. खंडाळ्याचा घाट उतरताना दोन्ही ब्रेक दाबून ठेवले होते, शेंगा सांडू नयेत म्हणून. पनवेल, ठाणे, घोडबंदर. खाडीचा पूल आला तेव्हा खाऱ्या वाऱ्याचा वास आला आणि पापडीकर पाटीकडे बघून म्हणाला, "आता कळलं, वसईहून वसईलाच यायचं होतं."

घरी पोचलो तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. ओट्यावर दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा दिसली ती कावड. आजोबांची. माझ्या जन्मापासून माळ्यावर धूळ खात पडलेली. बांबूला तेल लावलेले होते, दोऱ्या नव्या होत्या. बाबा उघड्या अंगाने बसले होते. उजव्या खांद्यावर आईने हळद-तेल चोळले होते, त्याचा पिवळा डाग.

"टांगा का नाही केला?" मी विचारले. दुसरे काही सुचलेच नाही.

"टांग्याला पैसे देऊन भाजी विकायची कशी?" बाबा म्हणाले. रागावलेले नव्हते. उठून सायकलपाशी गेले. जोडलेल्या सळीवरून अंगठा फिरवला. "कुठे तुटली?" मी सांगितले. "काम चांगलं केलंय," ते म्हणाले, आणि मग, "जेव. घंटांचं सांग."

मी जेवता जेवता सांगत गेलो. साले, सरदार, नवस, क्रूस, सगळे. बाबा ऐकत होते. मेणवलीच्या घंटेचा घेर दाखवायला मी दोन्ही हात पसरले तेव्हा त्यांनी मधेच विचारले, "एवढं ओझं नेलं कशावर?"

आमच्या सरांनी ते सांगितले नव्हते.

"खाडीने होडीतून कल्याणपर्यंत नेली असेल," बाबा विचार करत म्हणाले. "भरती बघून. पुढे बैल. दोन जोड्यांनी भागायचं नाही. पण घाट? घाटात बैलांच्या मागे माणसं लागली असतील, लाकडी ओंडके लावत. पावसाच्या आत न्यायला हवी, नाहीतर चिखलात रुतली की संपलं." मग आईला म्हणाले, "हजार माणसांची भाकरी लागली असेल गं." बराच वेळ दोघे भाकऱ्यांचाच हिशेब करत बसले. मी बसल्या जागी झोपलो.

तीनच वर्षांनी, १९८५ च्या डिसेंबरात, बाबा आमटे भारत जोडो अभियानात एकशे सोळा तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पोरे सायकलवर, त्यांत मुलीही. स्वतः आमट्यांना पाठीच्या दुखण्याने सायकलवर बसता येत नव्हते, ते गाडीतून सोबत होते. तेव्हा आगाशीकर माझ्याकडे आला. म्हणाला, "आपण जायला हवं होतं रे." मी तोवर स्वतःची सायकल घेतली होती, हप्त्याने. पण त्या दिवसांत मीही पहाटे तीनला उठत असे.

शेंगांचे सांगायचे राहिले. सकाळी मला जाग आली तेव्हा सायकल जागेवर नव्हती आणि कावड माळ्यावर गेली होती. शेंगांची पिशवी बाबांनी पाट्यांवर बांधून स्टेशनवर नेली आणि आत्याच्या हवाली केली. संध्याकाळी आत्या आली ती हसतच. गाडीच्या डब्यात तिने ती गोष्ट सांगितली, तर वसईच्या सगळ्याच भाजीवाल्या म्हणाल्या, "अगो, तो माझाच गिऱ्हाईक!" परळचा, साताऱ्याकडचा, गावी गेलेला, बारा-पंधरा रुपये राहिलेला असा एकेक प्रत्येकीच्या वहीत होता. शेवटी विरार ते दादर सगळ्यांनी पसापसा वाटून घेतल्या. आत्याच्या वाट्याला आल्या त्या तिने चुलीत भाजून आम्हालाच आणून दिल्या.